गावठी पिल्लू घ्यावं की लॅब? आपल्या विदर्भातल्या खेड्याच्या घरासाठी तुलना

थंडी पडली की आपल्याकडं गल्लीतल्या कुत्रीला पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली नाहीतर पडक्या कोठ्यात पिल्लं होतात, आणि त्याच सुमारास कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर लॅबच्या, म्हणजे लॅब्राडोर जातीच्या, पिल्लांचे फोटो येतात, दहा-पंधरा हजाराला एक. मंग पोट्टे मागं लागतात आणि घरात वाद सुरू, कोणतं आणायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो, खेड्यातल्या बहुतेक घरांनी गावठीच घ्यावं. पण काही घरांत लॅब लय चांगला राहते, आणि काही घरांनी या वर्षी दोन्हीचा विचार सोडावा. तुमचं घर कशात बसते ते तीन प्रश्नांवर ठरवा: मे महिन्यात काय करणार, दवाखाना किती लांब, आणि दुपारी घरी कोण असते.

मे महिना पहिले घेऊ, कारण सगळ्यात मोठा फरक तिथंच पडते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा, अकोला, पारा 45 च्या वर जाणं आपल्याला काही नवीन नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकूनच अंग थंड करते, आणि लॅब किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, त्याला दुपारी टिनाखाली बांधलं तर उष्माघातानं जीव जाऊ शकते. केस भादरून टाकणं हा उपाय नाही, उलट ऊन सरळ कातडीला लागते. लॅब आणायचा असेल तर दुपारी कुलरच्या खोलीत तो पण झोपेल हे घरात आधी ठरवून घ्या, आजीला पटवून घ्या, आणि लाईन गेली तर ओलं पोतं टाकलेली गार जागा, निंबाची सावली अन् पाण्याचं टोपलं तयार पाहिजे. पग आणि हस्की तर आणूच नका बाप्पा, पगचं नाक चपटं म्हणून त्याला धापच नीट टाकता येत नाही अन् हस्की बर्फातला. गावठीचे केस आखूड, अंग हलकं, तो स्वतः नांदीखाली किंवा रांजणाजवळ माती उकरून गार खड्ड्यात पडून राहते. त्यालाही ऊन लागते हो, उन्हात बांधून ठेवला तर त्याचंही तेच होईल, पण मोकळा असला तर तो आपली सोय पाहून घेते.

आता दवाखाना. इथं लोकांचा एक पक्का समज आहे की गावठीला काही होत नाही, त्याला लस कायले पाहिजे. हे साफ चूक आहे. दर हिवाळ्यात गल्लीतल्या पाच-सहा पिल्लांतले एक-दोनच उरतात ते काहून? थंडी, गाड्या, जंत, आणि पार्व्हो अन् डिस्टेंपर हे विषाणूंचे आजार. पार्व्होत पिल्लू उलट्या करते, रक्ताची घाण वास मारणारी हगवण लागते, खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत जाते. तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकते, म्हणून मागच्या वर्षभरात तुमच्या आंगणात एखादं पिल्लू असं मेलं असेल तर नवीन पिल्लू, गावठी असो की ब्रीड, लसीचे डोस पूर्ण झाल्याशिवाय तिथं आणू नका. फरशी ब्लीचिंगवाल्या पाण्यानं धुता येते, मातीचं आंगण कसं धुणार?

लसीचा हिशोब दोघांना सारखाच. पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं असताना, मंग दर 3-4 आठवड्यांनी 16 आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची लस 3 महिने झाल्यावर, आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखेला. गावठीच्या बाबतीत पोट पाहा, हात-पाय काड्या अन् पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर जंत भरलेत, वजन करून जंताचं औषध द्या. विकतच्या पिल्लाचं दुखणं वेगळं, त्याला लस न देताच ट्रॅव्हल्सनं नाहीतर डब्यात घालून एसटीनं पाठवतात, आणि पार्व्होची लागण झाल्यावर आजार दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, म्हणून घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू लोळते आणि विकणारा फोन उचलत नाही. त्याची आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि लसीच्या कार्डावर डॉक्टरची सही-शिक्का असल्याशिवाय पैसे देऊ नका. वय दोन महिन्यांच्या आतलं असेल तर तसंही घेऊ नका.

गावात ढोरांचा डॉक्टर असते, पण कुत्र्याची लस सगळीकडं ठेवलेली नसते, मेडिकलमधून आणायला सांगतात. ती 2 ते 8 डिग्रीत राहिली पाहिजे, म्हणून बर्फाच्या थर्मासमधून आणा, खिशात टाकून मोटरसायकलवर 30 किलोमीटर आणलेली लस देऊन काही फायदा नाही. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962 आहे. मोठं काही झालं, सलाईन, ऑपरेशन, तर नागपूरचं व्हेटर्नरी कॉलेज किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था. तिथपर्यंत जायला तुम्हाला चार-पाच तास लागत असतील तर महागाचं ब्रीड घेताना दहादा विचार करा, लॅबला मोठेपणी खुब्याचं दुखणं निघते, कानाचं निघते, गावठीला ते कमी.

खाण्यावर जास्त लिहायची गरज नाही. दोघांनाही दोन महिन्यांचं असताना दिवसातून 3-4 वेळा थोडं थोडं लागते, आणि दोघांनाही नुसती दूध-पोळी पुरत नाही, दुधानं तर कित्येकांना हगवण लागते. उकडलेलं अंड, बिनमसाल्याचं चिकन, भात, दही, भाकर चालते. कांदा, द्राक्षं, किसमिस, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नको. मोठा झालेला लॅब 30 किलोच्या आसपास भरते अन् त्याची भूक कधीच संपत नाही, गावठीचं त्याच्या जवळपास अर्ध्यात भागते.

घराची तयारी मात्र शांतपणे करा, आपल्या शेतकऱ्याच्या घरात पिल्लाला मारणाऱ्या वस्तू शहरापेक्षा जास्त आहेत. पिल्लाच्या उंचीवर बसून एकदा घर पाहा. खाटेखाली ठेवलेला फवारणीचा अर्धा डबा, कोपऱ्यातलं थिमेट, उंदराच्या गोळ्या टाकलेली भाकर, युरियाचं फाटकं पोतं. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तिथं दोन किलोच्या जिवाचं काय. फवारणी करून आल्यावर कपडे आणि पंप पिल्लाच्या तोंडी लागतील असे टाकू नका. सरकीची ढेप पण उंच ठेवा, सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असते, म्हशीला चालते पण कुत्र्याच्या हृदयावर येते. आणि ढोरांच्या गोचिडाचं औषध अंदाजानं पिल्लावर शिंपडायचं नाही, कधीच नाही. गोचीड रोज संध्याकाळी हातानं पाहा, कानाच्या आत, बोटांच्या फटीत, शेपटीच्या बुडाशी, चिमट्यानं धरून सरळ ओढून काढा. हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप आला, लघवी गडद झाली की गोचीड-तापाची तपासणी करायला न्या. इथं लॅब कमी पडते, दाट केसांत गोचीड दिसतच नाही. कुलरच्या पंपाची लोंबती वायर दोघंही सारखीच चावतात, ती वर बांधून घ्या.

घरी ठेवायचं की वावरात, हा आणखी एक मोठा प्रश्न. रब्बीत लाईन रात्रीची असली की पाणी द्यायला जातानी सोबतीला कुत्रा पाहिजे असं पुष्कळांचं म्हणणं असते, रानडुकरं पण हाकलली जातात. त्या कामाला गावठीच, लॅब सगळ्यांच्या पायात लोळते, चोराच्याही. पण निदान वर्षभराचं होईस्तोवर त्याला वावरात एकटं रात्रभर सोडू नका. चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडं बिबट्या सगळ्यात आधी कुत्रंच उचलते, तिथं तर मोठा कुत्रा पण रात्री आत घ्यावा, दार लावून. जंगलाजवळच्या लोकांनी डिस्टेंपरची लस चुकवू नये, गीरमध्ये 2018 साली त्याच आजारानं सिंह मेले, आपल्या कुत्र्यापासून ताडोब्याच्या वाघापर्यंत तो जायला नको. धानाच्या पट्ट्यात लेप्टोची लसही विचारून घ्या, हा आजार उंदराच्या मुतानं पसरते अन् साचलेल्या पाण्यात ते असते.

दुपारी घरी कोण, याचं उत्तर खरं खरं द्या. वेचणीच्या दिवसांत अख्खं घर सकाळी वावरात जाते अन् दिवे लागल्यावर येते. दोन महिन्यांचं पिल्लू झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की मुतते, जागेवर गोल फिरून जमीन हुंगू लागलं की उचलून बाहेर न्यायला कोणीतरी पाहिजे. घरी आजोबा-आजी असतील, उठबस होत असेल, तर गावठी पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर पौष-माघात आणा, मे येईपर्यंत ते तयार होते. घर पक्कं, एक माणूस कायम घरी, शहर तासाभरावर, महिन्याचा खर्च झेपते, तर लॅब जरूर घ्या, लेकरांसोबत त्याच्यासारखा कोणी नाही, फक्त राखणीची आशा ठेवू नका. आणि घर दिवसभर कुलपात असेल तर पिल्लू नकोच, तुमच्या दाराशी रोज भाकरीला येणारा वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा असेलच, त्याला लस द्या, पट्टा घाला, तोच तुमचा. पेरणीच्या धावपळीत कोणतंच आणू नका.

नर की मादी याचं फार मनावर घेऊ नका. नर भटकते, मादी घर धरते, पण तिचं ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात पिल्लं तुमच्याच कोठ्यात. सहा महिन्यांच्या आसपास डॉक्टरला विचारून घ्या.

एक गोष्ट दोन्ही पिल्लांना लागू. रेबीजची लस व्हायच्या आधी त्याचा दात पोट्ट्यांना लागला, नुसता ओरखडा जरी आला, तर हळद-चुना-तिखट काही लावू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेल असं धरून चालू नका, गल्लीतल्या पिल्लाच्या आईला कोण चावून गेलं ते कोणालाच माहीत नसते.