व्हिएतनामचं जंगल-पाणी शुल्क: वसुली चोख, माप चुकीचं

धरणाच्या वरचं जंगल शाबूत राहावं म्हणून खालच्या ग्राहकाने पैसे मोजायचे, ही कल्पना बऱ्याच देशांत आहे. व्हिएतनामने ती थेट बिलात बसवली. 2008 मध्ये लाम डोंग आणि सोन ला या प्रांतांत चाचणी झाली, आणि 2010 च्या 99 क्रमांकाच्या अध्यादेशाने ती देशभर सक्तीची केली.

वसुलीला पैकीच्या पैकी गुण. जलविद्युत केंद्राकडून विकलेल्या दर युनिटमागे 36 डोंग (डोंग हे व्हिएतनामचं चलन), पाणी कंपनीकडून दर घनमीटरमागे 52 डोंग (2016 पर्यंत 20 आणि 40). मीटर आधीच बसलेला असतो, त्यामुळे वेगळी मोजणी नाही. कंपनी दर तिमाहीला आकडा कळवते, पैसे भरते आणि हा खर्च दरात धरते. महिन्याला 20 घनमीटर पाणी वापरणाऱ्या घराला 1,040 डोंग पडतात, म्हणजे आपले तीन-चार रुपये. एवढ्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

पुढे मात्र गळती लागते. पाणलोट एकाहून जास्त प्रांतांत पसरला असेल तर पैसे आधी केंद्रीय निधीत जातात. तिथे अर्धा टक्का, प्रांतीय निधीत व्यवस्थापनाचे 10 टक्के आणि राखीव 5 टक्के कापता येतात. जंगल सरकारी संस्थेचं असेल, तर 2010 च्या नियमांप्रमाणे तीही 10 टक्के ठेवून घेते. सगळी कपात पूर्ण झाली तर 100 डोंगांतले साधारण 76 जंगलात गस्त घालून ते राखणाऱ्या कुटुंबापर्यंत पोचतात. सरकारी योजनेच्या मानाने हे वाईट नाही.

वाटप हेक्टरवर होतं, पण प्रत्येक हेक्टर चार गुणकांतून जातो: लाकूडसाठा, वनाचा प्रकार, नैसर्गिक की लागवडीचं, राखायला किती अवघड. प्रत्येक गुणक 0.90 ते 1.00. घनदाट, नैसर्गिक, राष्ट्रीय उद्यानातलं, दुर्गम जंगल पूर्ण 1 धरलं जातं. सोप्या जागेवरच्या विरळ लागवडीचे चारही गुणक 0.90 आले तर तो हेक्टर 0.66 उरतो. कागदावर छान! पण त्यासाठी प्रत्येक तुकड्याची अचूक नोंद लागते, आणि ती नसल्यामुळे अनेक प्रांतांनी सुरुवातीला सरसकट 1 धरून काम भागवलं. शिवाय एका खोऱ्यात मोठं धरण आणि थोडं जंगल, शेजारच्यात उलट, की सारख्याच गस्तीला दोन वेगळे भाव मिळतात.

खरी खोट मापात आहे. तपासणी होते ती जंगलाच्या क्षेत्राची. गाळ वाढला म्हणून कुणाचे पैसे कापले जात नाहीत, आणि धरणाला तर गाळाचीच चिंता असते. ‘जंगल वाढलं की पाणी वाढतं’ हेही सरसकट खरं नाही. झाडं स्वतः भरपूर पाणी वाफ करून उडवतात, म्हणून वर्षभराचा एकूण प्रवाह गवताळ रानापेक्षा सहसा कमीच असतो. जंगल माती धरून ठेवतं आणि पाऊस जमिनीत मुरवतं. लाम डोंगच्या बिदुप-नुई बासारख्या धुक्याच्या डोंगरांवर झाडं धुक्यातलं पाणीही टिपतात. ग्राहकाला हा फायदा मिळतो, पण तो मोजून दिलेला नसतो.

आणखी एक खोच: पैसे विकलेल्या विजेवर ठरतात. दुष्काळात वीजनिर्मिती घटते, निधी घटतो, आणि वणव्यामुळे गस्त नेमकी त्याच वर्षी जास्त लागते. राखीव 5 टक्के तिथे पुरत नाहीत. इक्वेडोरची राजधानी क्विटोचा पाणी निधी (2000 पासून) या बाबतीत सरस आहे: पाणी कंपनी विक्रीचे 2 टक्के भरते, त्यामुळे दर वाढला की वर्गणीही वाढते, आणि पैसा न्यासात साठतो. व्हिएतनामचा दर डोंगांत गोठलेला आहे, महागाई त्याला कुरतडते.

नक्कल करायचीच असेल तर मीटरवरची वसुली जशीच्या तशी घ्यावी. दर मात्र टक्क्यांत बांधावा, राखीव हिस्सा वाढवावा आणि धरणाच्या तोंडाशी गाळाची मोजणी पहिल्याच वर्षापासून सुरू करावी.