जीआर८६ की बीआरझेड: एकाच साच्यातल्या दोन गाड्या

दुसऱ्या पिढीच्या टोयोटा जीआर८६ आणि सुबारू बीआरझेडचा सांगाडा एक, २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन (आडवे, समोरासमोर सिलिंडर असलेलं) एक, जपानमधला सुबारूचा गुन्मा इथला कारखानाही एकच. म्हणून फरक फक्त लोगोचा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. समोरचा बंपर आणि जाळी वेगळी आहेच, पण खरा फरक चाकांपाशी आहे.

बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंग जीआर८६पेक्षा कडक, मागच्या तिच्यापेक्षा मऊ. जीआर८६मध्ये नेमकं उलट. शिवाय मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा दांडा, टोयोटाने सबफ्रेमला (बॉडीखालच्या छोट्या चौकटीला) जोडलाय, सुबारूने थेट बॉडीला. पुढचे नकल (चाक सस्पेन्शनला जोडणारे भाग) सुद्धा वेगळे: सुबारूचे ॲल्युमिनियमचे, म्हणून हलके. कागदावर हे किरकोळ वाटतं, वळणावर मात्र लगेच जाणवतं. जीआर८६चा मागचा भाग पकड सोडून चटकन घसरतो, तर बीआरझेड पुढच्या टायरांच्या पकडीवर शांतपणे वळते.

पावसाळी रस्त्यांवर रोज चालवायची असेल, तर मी डोळे झाकून बीआरझेड सुचवेन. ट्रॅकवर मागची चाकं मुद्दाम घसरवण्याची हौस असेल, तर जीआर८६च घ्या. आतल्या केबिनवरून ठरवू नका, तिथे दोघींत फारसं वेगळं काही नाही.