आयएसएसएन खरा, जर्नल खोटं! माझे साडेतीन हजार गेले आणि पेपरही गेला

आधीच सांगतो, मी काही अडाणी नाही. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नेट पास आहे, पीएचडी शेवटच्या टप्प्यात होती आणि तासिका तत्त्वावर दोन कॉलेजात शिकवतो, म्हणजे पोरांना "कुठूनही उचलून लिहू नका रे, संदर्भ बघा" असं ओरडणारा मीच. तरी संशोधनाचे पेपर छापतो म्हणणाऱ्या खोट्या जर्नलकडून फसलो. आणि न बघता फसलो असतो तर गप्प बसलो असतो, पण मी सगळं तपासून फसलो म्हणून लिहितोय.

२०२३ चा उन्हाळा. विद्यापीठातल्या प्राध्यापक भरतीच्या स्क्रीनिंगला एका पेपरचे २ मार्क, जास्तीत जास्त १०, आणि माझ्या नावावर केअर यादीतला, म्हणजे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीतला एकही पेपर नाही. त्यात आमच्या सेट-नेटवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, यूजीसी केअर लिस्टेड मराठी त्रैमासिक, विशेषांक, ७ दिवसात प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत, शेवटची तारीख उद्या. ही शेवटची तारीख कायम उद्याच का असते हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

आता मी काय काय तपासलं ते बघा. मेसेजमधली वेबसाईट उघडली, संपादक मंडळात मोठमोठी नावं. नाव गुगलवर टाकलं तर तीच वेबसाईट पहिली आली. आयएसएसएन, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला मिळणारा आठ अंकी ओळख नंबर, कॉपी करून आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकला, नाव तंतोतंत तेच. मग केअरच्या साईटवर लॉगिन करून यादी बघितली, तिथेही जर्नल हजर. चार ठिकाणी जुळलं म्हटल्यावर अजून काय बघायचं? साडेतीन हजार जीपे केले. नाव कुठल्यातरी बाईंचं आलं, विचारलं तर म्हणे "सर, आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत". बरं.

तिसऱ्या दिवशी ॲक्सेप्टन्स. रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांनी पेपर तपासून दिलेला अभिप्राय, म्हणून काय तर "गुड पेपर, ॲक्सेप्टेड" एवढंच. पेपर आठवडी बाजारात बसणाऱ्या बायकांवर होता आणि त्यातल्या एका टेबलात माझ्याच चुकीमुळे टक्क्यांची बेरीज ११२ होत होती, हे मला नंतर दिसलं. रिव्ह्यूवाल्यांना कसं दिसणार, वाचलाच नव्हता कोणी. सर्टिफिकेट मात्र सोनेरी बॉर्डरचं आलं, मी ते स्टेटसला पण ठेवलं होतं (आता लाज वाटते).

इंटरव्ह्यूच्या आधी कागद तपासणीत टेबलावरच्या सरांनी पेपर बघितला, पहिलं पान, मग खालचा वेबसाईटचा पत्ता, आणि फाईल परत दिली. "हे क्लोन आहे हो." म्हणजे खऱ्या जर्नलचं नाव-नंबर चोरून काढलेली नक्कल. एवढंच. मागे लाईन उभी होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो, आमच्या ग्रंथपाल मॅडमना दाखवायला. खरं सांगायचं तर पीएचडीची चार वर्षं मी त्यांच्याकडे फक्त नो ड्यूजच्या सहीसाठी जायचो. त्यांनी काही न बोलता मागच्या रॅकमधून त्याच त्रैमासिकाचे छापील अंक आणून समोर ठेवले. शंभरेक पानांचे साधे अंक. माझा पेपर पान नंबर ११०० च्या पुढे होता! मग आयएसएसएन पोर्टलवर तीच नोंद उघडली जी मी बघितली होती आणि बोट ठेवलं, माध्यम: छापील. छापील अंकाला वेगळा आयएसएसएन असतो आणि ऑनलाईनला वेगळा, म्हणजे या नंबरवर वेबसाईट दाखवतायत तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. शिवाय तो नंबर म्हणजे नुसती ओळख, गाडीच्या नंबर प्लेटसारखी, गाडी चोराच्या हातात आहे का ते प्लेट सांगत नाही.

केअरच्या साईटवर क्लोन जर्नलांची वेगळी यादी पण होती आणि त्यात हे जर्नल होतं, खऱ्याचा आणि खोट्याचा तपशील शेजारी शेजारी. मी नाव सापडल्याच्या आनंदात तिकडे क्लिकच केलं नव्हतं.

मला खरा झटका बसला तो पुढच्या गोष्टीचा. मॅडम म्हणाल्या, अंकाच्या आतल्या पानावर फोन नंबर आहे, लावा. लावला. एक रिटायर्ड प्राध्यापक, म्हणाले "अहो, आमची वेबसाईटच नाही. अंक पोस्टाने जातो." म्हणजे चोरांनी मुद्दाम असं जर्नल धरलं होतं ज्याची साईटच नाही, मग गुगलवर खोटी सोडून दुसरं येणार काय? आणि मी जे जे तपासलं ते सगळं त्यांनीच दिलेल्या पानावरून उचलून तपासलं, नाव त्यांचं, नंबर त्यांनी दिलेला, लिंक त्यांची. जुळणारच. उलट्या बाजूने, म्हणजे कागदाच्या अंकापासून निघालो असतो तर दोन मिनिटात उघडं पडलं असतं.

मॅडमनी असंही सांगितलं की जगभर या पैसेखाऊ जर्नलांची यादी करून खळबळ उडवणारा जेफ्री बील हा पण अमेरिकेतला एक ग्रंथपालच होता, आणि आपल्याकडे यूजीसीने २०१८ च्या मे महिन्यात स्वतःच्याच जुन्या यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे धंदा जुना, गिऱ्हाईक नवीन.

पेपर काढून टाका म्हणून मेल केला तर ५,००० रुपये विथड्रॉवल चार्ज मागितला! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली, नंबर मिळाला, पैसे नाही. आणि तोच पेपर दुसरीकडे पाठवावा तर आधीच छापलेला म्हणून सापडतो, त्यामुळे दीड वर्षाचं फील्डवर्क असलेला पेपर गेला तो गेलाच.

आता २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीच बंद झाली, विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आपापलं ठरवायचं. त्यामुळे मेसेज बदललेत, केअर लिस्टेडच्या जागी "पीअर रिव्ह्यूड, हाय इम्पॅक्ट फॅक्टर" असतं. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला तो आकडा, क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधे असतो, आणि या लोकांचा आकडा तिथे शोधून दाखवा. मागच्या महिन्यात मलाच आला असा मेसेज, जर्नल वेगळं, जीपे नंबर तोच.

माझं नाव गुगल केलं की अजूनही पहिला तोच पेपर येतो, टक्क्यांच्या ११२ बेरजेसकट.