मे महिन्यातली दुपार: माइल्स की ॲलिस?

नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलर लावायचा, पडदे ओढायचे, हेडफोन घालायचे. माझ्याकडे अशा वेळी जॅझचे दोनच अल्बम फिरतात.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘इन अ सायलेंट वे’ १९६९ चा. तीन-तीन इलेक्ट्रिक कीबोर्ड, जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आणि ड्रमर टोनी विल्यम्सची ती हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधली झांजांची जोडी! रेकॉर्डची पहिली अख्खी बाजू तो ती एकसारखी टिकटिकवत ठेवतो. दहा मिनिटांनी ती ऐकू येणंच बंद होतं, घड्याळासारखी. दुसऱ्या बाजूला तर निर्माता टिओ मासेरोने टेप कापून सुरुवातीचाच तुकडा शेवटी पुन्हा जोडलाय. त्यामुळे आपण निघालो कुठून, पोचलो कुठे, काही कळत नाही.

हार्प हे उभं तंतुवाद्य वाजवणाऱ्या ॲलिस कोल्ट्रेनचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’ १९७१ चा. इथे तानपुरा आहे, त्यावर हार्प झिरपते, आणि सेसिल मॅक्बीचा बास तीच ओळ घोळवत राहतो. फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन मधूनच येतो. गंमत म्हणजे आमच्या जुन्या कूलरची घरघर या तानपुऱ्यात अशी मिसळते की वाळ्याच्या ओल्या वासासकट तोही अल्बमचाच भाग वाटतो.

माइल्सला मात्र हा कूलर चालत नाही. त्याच्या शांत जागा घरघरीत बुडतात. तो रात्री, गच्चीवर. दुपारी ॲलिसच, फक्त चार वाजता पाणी भरायला उठावं लागतं, तेवढी तंद्री मोडते.