रश लाइव्ह ऐकायचंय? 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' की 'रश इन रिओ'?

कॅनडाच्या 'रश' या रॉक बँडचे गेडी ली (बास आणि गायन) आणि अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) २०२६ मध्ये पुन्हा दौरा करणार आणि ड्रम्सवर जर्मनीची आनिका निलेस बसणार, हे जाहीर झाल्यापासून रश कधीच न ऐकलेले मित्रही विचारू लागलेत: सुरुवात कुठल्या लाइव्ह अल्बमने करू? प्रश्न रास्त आहे. त्यांचा ड्रमर नील पीअर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला. आता ते तिघं एकत्र भेटणार ते रेकॉर्डिंगमध्येच.

माझ्या मते निवड दोनांतच आहे.

१९८१ चा 'एक्झिट... स्टेज लेफ्ट' म्हणजे ऐन भरातला बँड. बराचसा भाग मॉन्ट्रियलचा, थोडा १९८० च्या ग्लासगोचा. १९७६ च्या पहिल्या लाइव्ह अल्बममधला खडबडीतपणा इथे पार घासून काढलाय. 'झॅनाडू'ची बारा मिनिटं ऐका. तीन माणसं एवढा आवाज कसा उभा करतात, असं वाटत राहतं. बास, ड्रम्स, गिटार, सगळं सुटं सुटं ऐकू येतं. खोट एवढीच की घासता घासता लोकही पुसले गेलेत. टाळ्या येतात त्या शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या. अपवाद 'क्लोजर टू द हार्ट'चा. तिथे ग्लासगोचं अख्खं थिएटर गातं आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत या लोकांचा चक्क 'ग्लासगोकरांचा कोरस' म्हणून उल्लेख आहे.

आता रिओ. २३ नोव्हेंबर २००२, माराकाना स्टेडियम, सुमारे ४०,००० लोक. या मैफलीमागची गोष्ट ठाऊक असेल तर ऐकणं बदलतं. १९९७ मध्ये पीअर्टची मुलगी अपघातात गेली, पुढच्या वर्षी बायको कॅन्सरने. रश संपलाच, असं सगळे धरून चालले होते. पाच वर्षांनी ते मंचावर परतले आणि त्या दौऱ्याची ही शेवटची रात्र. ब्राझीलमध्ये तर त्या दौऱ्याआधी ते कधी गेलेच नव्हते! म्हणजे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं नुसत्या तबकड्यांवर तहान भागवलेली. 'टॉम सॉयर' सुरू होतं तेव्हा ते सगळं एकदम बाहेर पडतं.

पण खरी कमाल 'वायवायझेड'ची. या रचनेत शब्दच नाहीत. नाव टोरांटोच्या विमानतळाचा कोड आणि सुरुवातीचा ताल त्याच अक्षरांचा मोर्स संकेत. रिओचे लोक तिचे सूरच गातात, उड्या मारत. तबल्याच्या सोलोत अख्ख्या सभागृहाने लेहरा म्हणायला लागावं, तसं काहीसं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे जाऊन पुन्हा लावलं. वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल.

ध्वनीच्या बाबतीत मात्र रिओ मार खातो. गर्दीचा कल्लोळ वाद्यांवर चढतो, गेडीचा आवाजही १९८१ इतका धारदार राहिलेला नाही. सलग तीन सीडी ऐकून कान दमतात. म्हणून रिओ घ्यायचाच तर डीव्हीडी बघा. गर्दी दिसते आणि गेडीच्या मागे अ‍ॅम्प्लिफायरच्या जागी कपडे वाळवायची यंत्रं गरगरत असतात, तीही दिसतात. (हा बँड गंभीर आहे असं कुणी सांगितलं तर हे दाखवा.)

तर: स्वतः वाद्य वाजवत असाल, हेडफोन लावून बारकावे टिपायची सवय असेल, तर १९८१. जुनी सीडी विकत घेताना 'अ पॅसेज टू बँकॉक' हे गाणं आहे ना, तेवढं बघा. पहिल्या सीडी आवृत्तीतून ते गाळलं होतं. आणि लोक या तिघांवर एवढा जीव का टाकतात हेच कोडं पडलं असेल, तर थेट रिओ.

तरीही ठरत नसेल तर 'क्लोजर टू द हार्ट' दोन्हीकडे आहे. आधी ग्लासगोचं लावा, मग लगेच रिओचं. जे ऐकताना तुम्हीही गायला लागाल, तो अल्बम घ्या.