कोल्हापुरात पेठेतला दवाखाना की सीपीआर रुग्णालय?

बाळाचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस, गरोदरपणातली तपासणी, बीपी-शुगरची गोळी, एवढ्यासाठी महापालिकेचा पेठेतला दवाखानाच बरा. चालत जाता येतं. शिवाय सिस्टर घरच्यांना ओळखतात. डोस चुकला की वाटेत थांबवून विचारतात. मला याचं मोल फार वाटतं.

सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तज्ज्ञ, आयसीयू, शस्त्रक्रिया एकाच आवारात. गर्दीही अख्ख्या जिल्ह्याची, म्हणून सवडीनं जावं. पण छातीत कळ आली किंवा तोंड वाकडं झालं, तर पेठेत थांबूच नका. 108 लावा, मोठं रुग्णालय गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास कधी सुरू झाला, ती वेळ डॉक्टरांना आधी सांगा.