पद्मिनीला अल्टरनेटर बसवून नऊ महिने: वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात तिचा मूळ डायनामो (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) उतरवून त्या जागी तेच काम करणारा नव्या पद्धतीचा, १२ व्होल्टचा, ३५ ॲम्पिअरचा अल्टरनेटर बसवून घेतला, त्याला आता नऊ महिने होत आले. पहिले दोन महिने मला हा निर्णय साफ चुकला असे वाटत होते. आज तसे वाटत नाही, पण मधल्या काळात जे काही घडले त्यात अल्टरनेटरचा दोष जवळजवळ नव्हताच. सगळा घोळ वायरिंगचा होता, आणि म्हणूनच हा अनुभव जरा सविस्तर लिहितो आहे.

डायनामो बदलण्याचे कारण साधे होते. इंजिन संथ फिरत असताना डायनामो जवळपास काहीच देत नाही. सिग्नलला गाडी थांबली की कट-आऊटचे, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्याचे, पॉइंट उघडतात आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. पूर्वीच्या पिवळसर दिव्यांच्या जागी मी ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब लावले होते. त्या दोघांनाच नऊ-दहा ॲम्पिअर लागतात. वर वायपर सुरू असेल तर स्वारगेट ते कात्रज एवढ्या अंतरात, पावसाळी संध्याकाळी, हॉर्नचा आवाज बसलेला ऐकू येई.

अल्टरनेटर बसवल्यावर मात्र नवीनच लक्षण दिसू लागले. इंजिन सुरू झाले तरी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नसे. ॲक्सिलरेटर एकदा जोरात दाबला की विझे आणि मग इंजिन बंद करेपर्यंत पुन्हा लागत नसे. दूध-भाजी आणण्यापुरती गाडी बाहेर काढली आणि तेवढा जोर कधी दिलाच नाही, तर त्या दिवशी चार्जिंग शून्य. आठवड्यातून एकदा तरी बॅटरी उतरू लागली. ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी दाखवली त्यांनी अल्टरनेटर बदलायला सांगितले आणि खात्री करण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढायला हात घातला. मी तो हात अक्षरशः धरला. डायनामोच्या काळात ही परीक्षा सर्रास चालून जाई. अल्टरनेटरवर मात्र बॅटरी अशी अचानक तुटली की व्होल्टेज एकदम उसळते आणि आतले डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारे भाग) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) जाऊ शकतो.

पुढचा रविवार मी मल्टिमीटर घेऊन बॉनेटपाशी काढला. दिव्याचे कोडे आधी सुटले. या अल्टरनेटरला दोन जोडण्या आहेत: बॅटरीकडे जाणारी जाड बी-प्लस आणि चार्जिंगच्या दिव्याकडे जाणारी बारीक डी-प्लस. चावी फिरवल्यावर दिव्यातून जो थोडासा प्रवाह जातो, त्यानेच रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागात, सुरुवातीचे चुंबकत्व तयार होते. मी हौसेने डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडीचे केले होते, आणि एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की रोटर जागाच होत नाही; जोर दिल्यावर तो केवळ उरल्यासुरल्या चुंबकत्वाच्या बळावर सुरू होत होता. खोक्यात पडलेला जुना २.२ वॉटचा तारेचा बल्ब त्या एका होल्डरमध्ये परत लावला आणि पहिल्याच स्टार्टला दिवा विझला. ज्यांना डॅशबोर्ड एलईडीचाच हवा आहे, त्यांनी बल्बला समांतर एक रेझिस्टर द्यावा. मला तेवढी हौस उरली नव्हती.

तरीही बॅटरीवर १३.१ व्होल्टच्या वर काटा जाईना. हेडलाइट लावून, इंजिन जरा वर ठेवून, मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी-प्लसवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या धन टोकावर टेकवली: १.२ व्होल्ट. तेथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असता कामा नये. बसवणाऱ्याने बी-प्लसची वायर जुन्या डायनामोच्याच वायरला जोडली होती, आणि ती वायर अजूनही कट-आऊटच्या ५१ आणि ३० या स्क्रूंवरून पुढे जात होती. त्या स्क्रूंभोवती हिरवट गंज धरला होता आणि ३० क्रमांकाच्या वायरचे प्लॅस्टिक बोटाला चटका बसेल इतके तापले होते. तीच तपासणी ऋण बाजूने केली तर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.३५ व्होल्ट. पद्मिनीचे इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे इंजिन ते बॉडी ही विणलेली अर्थिंगची पट्टी हाच विजेचा परतीचा रस्ता, आणि ती पट्टी रंगाच्या थरावरच आवळलेली होती.

बी-प्लसपासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर टाकली, दोन्ही टोकांना लग (स्क्रूला अडकवायची धातूची कडी) दाबून क्रिम्प करून घेतले, बॅटरीजवळ ६० ॲम्पिअरचा फ्यूज दिला, आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासली. सगळा खर्च हजार रुपयांच्या आत. कट-आऊटच्या वायरी सोडवल्या, पण डबा जागेवर तसाच ठेवला आहे. बॉनेट उघडल्यावर तो दिसला नाही तर गाडी ओळखीची वाटत नाही.

त्यानंतरचे सात महिने नोंदवहीत आहेत. थंड इंजिनला १४.३, तापल्यावर १३.९, आणि हेडलाइट, वायपर चालू ठेवून संथ इंजिनवर १३.५ व्होल्ट. धन बाजूचा फरक ०.१ आणि ऋण बाजूचा ०.०४ वर आला. ऑगस्टमध्ये रात्रीच्या पावसात खंबाटकी घाट चढताना सगळे दिवे लावलेले असूनही वायपरची गती जराही मंदावली नाही.

तक्रार एकच आहे. अल्टरनेटरचे कान (बोल्ट घालायची भोके असलेले भाग) डायनामोच्या ब्रॅकेटशी तंतोतंत जुळत नाहीत. पुली दोन-तीन मिलिमीटर पुढे येते आणि ओलसर सकाळी बेल्ट किंचाळतो. बेल्ट अंगठ्याने दाबून साधारण सेंटिमीटरभर दबेल इतका ताणला आणि एक वॉशर मागे टाकला, तेव्हा आवाज निम्मा झाला. उरलेल्या निम्म्यासाठी लेथवर एक स्पेसर (मधले अंतर नेमके राखणारी कडी) कातायला दिला आहे.